वरचा कॉमा, फुकट

नव्या सोसायट्यांच्या दारांवर हल्ली एक पाटी हमखास दिसते. पॉलिश केलेली लाकडी फळी, तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात गणपती किंवा दोन चिमण्या, आणि मजकूर : “द कुलकर्णी’ज”. शेजारच्या दारावर “द पाटील’स”. समोर “द देशपांडे’ज”. पूर्वी नुसतं “कुलकर्णी” लिहून पिढ्यान्‌पिढ्या भागत होतं. पत्रं येत होती, दूधवाला येत होता, भिशीचे पैसे मागायला येणारेही अचूक पोचत होते. आता घर इंग्रजीत गेलं आणि नावाच्या डोक्यावर एक कॉमा येऊन बसला.

इंग्रजीत घरातल्या समस्त कुलकर्ण्यांना एकत्र मोजायचं तर नुसता एस पुरतो. वर कॉमा लटकवला की अनेकवचन संपतं आणि मालकी सुरू होते. मग त्या पाटीचा अर्थ होतो “त्या कुलकर्ण्याचं”. काय त्या कुलकर्ण्याचं, ते पाटीवर लिहिलेलं नसतं. घर म्हणावं तर वीस वर्षांचे हप्ते बाकी आहेत. खरी पाटी “द बँक’स” अशी हवी. तेव्हा मालकी दाखवायची पण कशाची ते सांगायचं नाही, हा मोघमपणा वस्तुस्थितीला धरूनच आहे असं म्हणायला हरकत नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेत ही अपॉस्ट्रॉफी, म्हणजे हा वरचा कॉमा, आपल्याला भेटली ती षष्ठीचा प्रत्यय म्हणून. सर फळ्यावर एस काढायचे, त्याच्या डाव्या खांद्यावर खडूने एक टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “हे म्हणजे चा-ची-चे. घोका.” आपण घोकलं. रामाचं पुस्तक, सीतेची बाहुली, गाईचं शेपूट, सगळं त्या टिचकीत बसलं. पाचवी ते सातवी आयुष्य सुखाचं गेलं.

मग “इट” आलं. आय-टी-एस लिहायचं. मध्ये कॉमा दिला तर “ते आहे”. नाही दिला तर “त्याचं”. म्हणजे चा-ची-चे असताना जिथे कॉमा यायलाच हवा, नेमका तिथेच तो यायचा नाही. सरांना विचारलं तर सर म्हणायचे, “तो अपवाद आहे.” हा अपवाद का, हे सरांच्या सरांनीही त्यांना सांगितलेलं नसावं. गंमत अशी की सतराव्या-अठराव्या शतकात भले भले इंग्रज लेखक “त्याचं” या अर्थाच्या इट्समध्ये कॉमा देत होते. आज ज्या चुकीसाठी मुलांचा अर्धा मार्क कापला जातो ती चूक त्या काळी रीत होती. नंतर कधीतरी तिथल्या छापखानेवाल्यांनी आणि व्याकरणकारांनी मिळून ठरवलं की हा कॉमा “ते आहे”ला द्यायचा. “त्याचं”वाल्यांना कुणी विचारलं नाही.

मुळात हे चिन्ह मालकीचं नाहीच. सोळाव्या शतकात ते फ्रेंच छपाईतून इंग्रजीत आलं, आणि त्याचं काम एकच होतं : इथे एक अक्षर होतं, आता नाही, एवढं कळवायचं. जुन्या इंग्रजीत षष्ठीच्या एसआधी एक ई असायचा. तो बोलण्यातून झिजला, लिहिताना गळला, आणि त्याच्या जागी ही खूण लागली. पुढे लोक ई विसरले. खूण कशाची, ते आठवेना. तेव्हा सतराव्या शतकातल्या काही विद्वानांनी शोध लावला की “किंग’स हॉर्स” म्हणजे “किंग हिज हॉर्स”चं आखूड रूप आहे. राजा, त्याचा घोडा. ऐकायला छान वाटतं. पण मग राणीच्या घोड्याचं काय? “क्वीन हिज हॉर्स”? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, तरी ही व्युत्पत्ती बराच काळ टिकून राहिली.

अनेकवचनाच्या मालकीत कॉमा एसच्या नंतर टाकायचा, ही रीत तर त्याहून उशिरा रुळली. म्हणजे आपण ज्याला सनातन नियम समजून घोकत होतो तो पेशवाईच्या काळात अजून शिजतच होता.

लुईस कॅरलना तर हे चिन्ह कमी पडायचं. “शॅल नॉट” आखूड करताना अक्षरं दोन ठिकाणची जातात, मग कॉमा एकच का, असा त्यांचा गणिती प्रश्न. गणिताचे अध्यापक होते ते. त्यांनी एकेका शब्दात दोन-दोन कॉमे घातले आणि एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याचं समर्थनही केलं. दुसऱ्या टोकाला बर्नार्ड शॉ. त्यांनी “डोन्ट”, “वोन्ट” वगैरेंमधून कॉमा हाकलला. त्यांना हे ठिपके म्हणजे छापील पानावर पडलेले जंतू वाटत. मात्र “ही’ल” या शब्दातला कॉमा काढला तर “तो करील”चा थेट “नरक” होतो, तेव्हा अशा जागी त्यांनीही तो मुकाट्याने राहू दिला.

आता इंग्लंडातल्या भाजीवाल्याकडे जाऊ. तिथे भाजीवाले पाट्यांवर “पोटॅटो’ज”, “टोमॅटो’ज” लिहितात. अनेकवचन दिसलं की वर कोथिंबीर भुरभुरावी तसा कॉमा भुरभुरतात. या चुकीला इंग्रजीत नावच आहे, भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी. अख्ख्या समाजाच्या चुकीचं बिल एका धंद्याच्या नावावर फाडण्याची ही युक्ती आहे, आणि तीही फसते, कारण ती एका भाजीवाल्याची की अनेक भाजीवाल्यांची, म्हणजे कॉमा एसच्या आधी की नंतर, यावर तिथली माणसं पुन्हा भांडू शकतात.

आपल्याकडे भाजीवाला पाटीच लावत नाही, ओरडतो. ओरडण्यात कॉमा लागत नाही. आपल्याकडे हे खातं फ्लेक्सवाल्याचं आहे. “लेडी’ज टेलर”, “जेन्ट’स पार्लर”, “सॅन्डविच’स”, “इडली’ज”, हे सगळं त्याच्या संगणकातून बाहेर पडतं. त्यातल्या लेडीजची गोष्ट आणखी निराळी. मराठीत “लेडीज” हे एकवचन आहे. “अहो, एक लेडीज उभ्या आहेत, जागा द्या,” असं कंडक्टर म्हणतो तेव्हा एसटीत कुणालाही व्याकरणाचा त्रास होत नाही. अनेकवचन करायचं तर “लेडीज लोक”. आणि लोकलमधला “लेडीजचा डबा” म्हटलं की इंग्रजी एस आणि मराठी चा अशी दुहेरी मालकी लागते. त्या डब्यात पुरुषाने चढून पाहावं म्हणजे मालकी किती पक्की आहे ते कळतं.

एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक अशाच एका फ्लेक्सवाल्याशी वाद घालत होते. नातवाच्या बारशाचा फ्लेक्स होता, आणि नातवाच्या अनेक मित्रमंडळांच्या नावांवर कॉमे उगवले होते.

“अरे बाबा, हा कॉमा इथे नकोय.”

“सर, रेट चौरस फुटावर आहे. कॉमाचे वेगळे घेत नाही आपण.”

“पैशाचा प्रश्न नाही रे. चूक आहे ती.”

“राहू द्या सर. भरल्यासारखं दिसतं.”

रशियातल्या खिळेजुळाऱ्यांनी हा संवाद ऐकला असता तर त्यांनी या माणसाला संघटनेतून काढलं असतं. १९०५ साली मॉस्कोत सितिन यांच्या मोठ्या छापखान्यातले कामगार संपावर गेले, आणि त्यांची एक मागणी होती की आम्हाला अक्षरांच्या हिशेबाने पैसे मिळतात, ते विरामचिन्हांचेही मिळाले पाहिजेत. तो संप पसरत गेला, आणि त्या वर्षी झारला जे काही भोगावं लागलं त्याच्या सुरुवातीला स्वल्पविरामांची मजुरी होती, असं मोठ्या चवीने सांगितलं जातं. लिन ट्रस नावाच्या इंग्रज लेखिकेने २००३ मध्ये विरामचिन्हांवर एक पुस्तक लिहिलं आणि ते १९०५ च्या संपकरी खिळेजुळाऱ्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. व्याकरणाचं पुस्तक, आणि खपलं मात्र रहस्यकथेसारखं. याच बाईंनी “टू वीक्स नोटिस” या सिनेमाच्या नावात कॉमा नाही म्हणून काठीवर कॉमा लावून तो नावाच्या योग्य जागी धरण्याचा उद्योगही केला होता. आपल्याकडे सिनेमाच्या नावावरून दगडफेक होते. तिथे शुद्धलेखन होतं.

पण या क्षेत्रातले खरे तपस्वी म्हणजे जॉन रिचर्ड्स. लिंकनशायर परगण्यातल्या बोस्टन गावचे, आयुष्य वृत्तपत्रात गेलेलं, दुसऱ्यांच्या बातम्यांतले कॉमे नीट करण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणूस एरवी बागकाम करतो किंवा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. यांनी २००१ साली अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. गावातल्या दुकानदारांना ते अत्यंत नम्र पत्रं लिहीत : आपल्या पाटीवर अमुक जागी अमुक चिन्ह जास्त आहे, कृपया विचार व्हावा. त्याच वर्षी त्यांना साहित्याचं इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे जे संशोधन आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं त्याला मिळणारं पारितोषिक. कॉमाच्या बाबतीत लोक पहिल्या टप्प्यावरच थांबले असावेत, कारण २०१९ च्या अखेरीस वयाच्या ९६ व्या वर्षी रिचर्ड्स यांनी संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. अज्ञान आणि आळस जिंकले, असा त्यांचा निर्वाळा होता. २०२१ मध्ये ते गेले. पुढे दुसऱ्या एका गृहस्थांनी संस्था पुन्हा उभी केली. अशा कामाला इंग्लंडात माणूस मिळतो, हे त्या देशाचं वैशिष्ट्य मानायला हवं.

सगळेच नम्र पत्रांवर थांबत नाहीत. ब्रिस्टल शहरात एक गृहस्थ वर्षानुवर्षं रात्री बाहेर पडून दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत होते. २०१७ मध्ये बीबीसीने त्यांना गाठलं तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही, पण हत्यार दाखवलं. लांब दांड्याचं, घरी बनवलेलं, उंच पाटीवर चिकट कॉमा दाबून बसवण्याचं यंत्र, नाव “अपॉस्ट्रॉफायझर”. जिथे कॉमा कमी तिथे लावायचा, जिथे जास्त तिथे तो झाकायचा. मध्यरात्री शिडी घेऊन दुकानावर चढलेल्या माणसाला आपल्याकडे पकडलं तर तो कॉमा लावत होता, हे पंचनाम्यात कसं लिहिणार?

अमेरिकेत पंचनामा झाला. २००८ साली दोन तरुण देशभर पाट्या सुधारत फिरत होते. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या टेहळणी बुरुजात त्यांना एक हाताने रंगवलेली पाटी दिसली. एक अपॉस्ट्रॉफी जागा चुकलेली, एक स्वल्पविराम कमी. त्यांनी पांढरी शाई आणि मार्कर काढून काम उरकलं. पाटी निघाली मेरी कोल्टर या बुरुजाच्या नामवंत वास्तुरचनाकर्तीच्या हातची, म्हणजे राष्ट्रीय ठेवा. दोघांना ३०३५ डॉलर भरावे लागले आणि वर्षभर राष्ट्रीय उद्यानांत पाऊल ठेवायची बंदी झाली. त्याच पाटीवर एका शब्दाचं स्पेलिंगही धडधडीत चुकलेलं होतं. ते मात्र त्यांनी तसंच ठेवलं होतं! मला यातला दंड समजतो, स्पेलिंग सोडून देणं समजत नाही.

इंग्रजीला महामंडळ नाही, सगळा घोळ तिथे आहे. फ्रेंचांची अकादमी आहे, आपलं साहित्य महामंडळ आहे. तिथे ठराव होतात, वाद होतात, राजीनामे होतात, पण शेवटी एक पत्रक निघतं. इंग्रजीत पत्रक काढणारं कुणीच नाही. त्यामुळे ज्याच्या हातात रंगाचा डबा तो महामंडळ. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये जाहीर केलं की आमच्या रस्त्यांच्या पाट्यांवर आता कॉमा नाही. केंब्रिजने, म्हणजे विद्यापीठाच्या गावाने, २०१४ मध्ये तोच प्रयोग केला; लोकांनी मार्कर घेऊन पाट्यांवर हाताने कॉमे भरले आणि पालिकेने माघार घेतली. २०२४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरने पुन्हा तेच. कारण काय, तर संगणकातल्या नोंदींना हा कॉमा पचत नाही. तिथेही एका पाटीवर कुणीतरी मार्करने हिशेब चुकता केला.

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर दोन स्टेशनं शेजारी आहेत : अर्ल’स कोर्ट कॉमासह, बॅरन्स कोर्ट कॉमाविना. का, हे विचारणाऱ्या परक्या माणसाला तिथले लोक हवामानाबद्दल सांगू लागतात. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाच्या सेंट जेम्सला कॉमापुढे एस नाही, लंडनच्या बागेतल्या सेंट जेम्सला आहे. संत तोच.

अमेरिकेचा खाक्या वेगळा. तिथे भौगोलिक नावांचं एक सरकारी मंडळ १८९० पासून आहे, आणि त्याचं धोरण असं की डोंगर, नदी, तळं यांच्या नावात मालकीचा कॉमा द्यायचा नाही. कारण जागा सार्वजनिक, तिच्यावर कुणा एकाची मालकी दाखवायची कशाला. सातबारा वाचून मोठे झालेल्या माणसाला हे तत्त्व फार उदात्त वाटतं. या मंडळाने इतक्या वर्षांत जेमतेम पाच नावांना सूट दिली. पहिली १९३३ मध्ये मार्था’ज व्हिनयार्ड या बेटाला, तिथल्या लोकांनी हट्ट धरला म्हणून. १९६३ मध्ये एका तळ्याला, कारण जॉन ई’ज पाँड कॉमाविना लिहिलं तर मालकाचं आद्याक्षर ई की एस, हेच कळत नव्हतं. १९९५ मध्ये ॲरिझोनातल्या एका जागेला, कारण कार्लोस एल्मर जोशुआ असं सलग लिहिलं की एका छायाचित्रकाराचं आणि एका झाडाचं मिळून नवंच नाव तयार होत होतं.

आणि आता लँड्स एंड. भूमीचं टोक, या अर्थाने कॉर्नवॉलच्या टोकाला एक जागा आहे; तिच्यात कॉमा एसच्या आधी, बरोबर जागी. १९६३ मध्ये शिकागोत गॅरी कोमर यांनी शिडाच्या होड्यांचं सामान टपालाने विकायची कंपनी काढली आणि हेच नाव घेतलं. छापताना कॉमा घसरून एसच्या नंतर गेला. पुन्हा छापायला पैसे नव्हते. पुढे कंपनी कपड्यांमध्ये उतरली, खूप मोठी झाली, पैसे आले, पण कॉमा तिथेच राहिला. तिसरं लँड्स एंड आपलं, वांद्र्याचं, बँडस्टँड संपतो तिथलं. त्यावरून हॉटेलचं नाव पडलं, त्यातही कॉमा नाही. आधी, नंतर, आणि नाहीच, अशा तिन्ही शक्यता जगाने वाटून घेतल्या आहेत. परीक्षेत मुलाने यातली कुठलीही लिहिली तरी तो एखादा पत्ता सांगून सुटू शकतो.

न्यायालयात तरी एकवाक्यता असेल? २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्याचा खटला आला. पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी “कॅन्ससचा” लिहिताना राज्याच्या नावापुढे नुसता कॉमा दिला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी कॉमा देऊन आणखी एक एस दिला. फाशीवर मतभेद समजू शकतो. पुढच्याच वर्षी आर्कान्सस राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून टाकला की आमच्या नावापुढे कॉमा आणि एस दोन्ही लागतील. आणि २०२४ मध्ये कमला हॅरिस अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या तेव्हा एका मोठ्या वृत्तसंस्थेचा नियम एक आणि न्यूयॉर्क टाइम्सचा दुसरा, त्यामुळे त्यांचा प्रचार रोज सकाळी दोन पद्धतींनी त्यांचा होता.

हे सगळं रिकामटेकड्यांचं चाललंय असं वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघावं. तिथे एका माणसाने आपल्या जुन्या मालकाबद्दल जाहीरपणे लिहिलं की हे गृहस्थ कोट्यवधींची घरं विकतात पण “एम्प्लॉयीज” यांचा निवृत्तीचा पैसा भरत नाहीत. कॉमा द्यायचा राहिला. मालकाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. लिहिणाऱ्याचं म्हणणं, मी एका नोकराबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल बोलत होतो. २०२१ मध्ये न्यायाधीशांनी दावा काढून टाकायला नकार दिला : कॉमा नाही म्हणजे अनेक नोकर असा अर्थ निघू शकतो, आणि अनेकांचे पैसे न भरणं म्हणजे ठरवून केलेली पद्धत झाली.

मराठीत असं झालंच नसतं, असं म्हणायचा मोह मला झाला होता. मग “नोकराचा” आणि “नोकरांचा” हे दोन शब्द शेजारी लिहून पाहिले. फरक एका टिंबाचा. म्हणजे आपणही कोर्टात जायला पूर्ण पात्र आहोत.

या टिंबाचा आपल्याकडचा इतिहास मात्र इंग्रजीपेक्षा बरा आहे. विरामचिन्हं आपल्याला मेजर थॉमस कँडी यांनी लावली, हे शाळेत सांगितलं जातं. मोल्सवर्थच्या कोशात राबलेले, मराठी क्रमिक पुस्तकं हातावेगळी करणारे हे इंग्रज गृहस्थ. १८५० च्या सुमारास त्यांनी स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मंडळी इकडे आणून त्यांना कामं वाटून दिली. अपॉस्ट्रॉफीला मात्र इथे नोकरी मिळाली नाही. मालकीला चा-ची-चे आधीच कामावर होते, आणि अक्षर गळल्याची खूण म्हणून संस्कृतातला अवग्रह पेन्शनीत बसला होता. “सोऽहम्”मध्ये तो अजून दिसतो. एरवी नाटकात “आऽऽई” अशी हाक लांबवायला त्याला बोलावतात.

पण गेलेल्या आवाजाची खूण जपायची हौस आपल्यालाही होती. आजोबांची पत्रं काढून बघा : “नांव”, “गांव”, “कांहीं”, “केलें”. ही टिंबं कुणी उच्चारत नव्हतं. कधीकाळी तिथे नाकातला आवाज होता, तो जाऊन जमाना झाला, टिंब तेवढं राहिलं. इंग्रजांचा कॉमा काय, आणि हे टिंब काय, पिंड एकच. फरक असा की १९६२ साली साहित्य महामंडळाने चौदा नियम केले आणि ही मुकी टिंबं एका फटक्यात काढून टाकली. “नोकरांचा”वरचं टिंब ठेवलं, कारण ते काम करत होतं. (या लेखात “केलं”, “असं” यांवर दिसतात ती टिंबंही कामावर आहेत, कुणी पत्र लिहायची तसदी घेऊ नये.) त्या वेळी पुष्कळांना वाटलं की मराठी बुडाली. काही वडीलधारी माणसं शेवटपर्यंत “नांव”वर टिंब देत राहिली, इतक्या जोरात की पलीकडच्या पानावर उमटावं. पण टिंब लावायला कुणी रात्री शिडी घेऊन बाहेर पडलं नाही.

ज्यांच्या नावात हा कॉमा जन्मापासून आहे त्यांचे हाल वेगळेच. वसईतले आणि गोव्यातले डि’सोझा, डि’मेलो, डि’सिल्वा. व्याकरण काढून बसलं तर पोर्तुगीजमध्ये हा कॉमा स्वराच्या आधी शोभतो, आणि सोझा काही स्वराने सुरू होत नाही. पण नाव ते नाव; बारशाला व्याकरणकार बोलवत नाहीत. तर हा डि’सोझा संगणकावर अर्ज भरायला बसतो आणि यंत्र त्याला सांगतं, तुमच्या नावात अवैध चिन्ह आहे. पिढीजात आडनाव, गावच्या चर्चच्या वहीत नोंदलेलं, आणि अवैध! यात यंत्राचीही एक बाजू आहे. माहितीचे साठे ज्या भाषेत चालतात तिथे हाच उभा ठिपका मजकूर कुठे सुरू आणि कुठे संपला ते सांगतो. डीनंतर ठिपका आला की यंत्राला वाटतं नाव संपलं, आणि उरलेला सोझा त्याला हुकूम वाटतो. हॅकर लोक नेमकी हीच फट वापरून आत घुसतात. त्यामुळे सावध यंत्रं ठिपका दिसला की दार लावून घेतात, मग बाहेर चोर असो की वसईचा भाविक कॅथलिक. विमानाच्या तिकिटावर ठिपका चालत नाही, पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीतही तो गळतो. एकाच माणसाचं नाव एका कागदावर ठिपक्यासह, दुसऱ्यावर जोडून, तिसऱ्यावर डी सुटा. तिघे मिळून एकच बोर्डिंग पास मागतात तेव्हा काउंटरवरची मुलगी तिन्ही कागदांकडे आळीपाळीने बघते. आयर्लंडच्या ओ’ब्रायनांचंही हेच दुखणं. त्यांच्या भाषेत मुळात ओवर एक तिरकी रेघ होती, कॉमा इंग्रजी लिखाणात चिकटला.

आपल्याकडे आता हा कॉमा सरकारी मार्गाने देवनागरीत शिरतो आहे. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नकोत, हेही त्यात आलं. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि रंगारी, फ्लेक्सवाले, ॲक्रिलिकची अक्षरं कापणारे यांची दिवाळी झाली. ज्यांच्या पाट्या नुसत्या “पाटील हार्डवेअर” होत्या त्यांना काहीच जड गेलं नाही. ज्यांनी हौसेने इंग्रजीत कॉमा-एस लावला होता त्यांची पंचाईत झाली. काहींनी तो गाळला. काहींनी “जोशीज्” असा पाय मोडून घेतला. आणि काही पाट्यांवर शिरोरेषेच्या वर, वेलांटीच्या शेजारी, अगदी अंग चोरून, तो कॉमा आलाच : “जोशी’ज”.

अशीच एक ताजी पाटी रंगवून शिडीवरून उतरत असलेल्या रंगाऱ्याला एका आजोबांनी खालून विचारलं, “अरे, मराठीत हा कॉमा कशाला दिलास?”

“इंग्लिशमध्ये आहे ना, काका,” तो ब्रश पुसत म्हणाला. “उद्या पालिकेचा माणूस यायचा आणि म्हणायचा, मराठीला कमी का दिलं.”